किनारा राखायचा, तर किनाऱ्यावरची माणसेही राखावी लागतील

२०२५ च्या अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबर रोजी, लालबागमधून निघालेली 'लालबागच्या राजा'ची मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. पुढे जे घडले, ते साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. समुद्राला भरती होती. मूर्ती तराफ्यावर चढवणे जमेना. कार्यकर्ते, पोलीस, भाविक असे सारेच ओहोटीची वाट पाहत किनाऱ्यावर ताटकळत उभे राहिले आणि अखेर विसर्जन झाले, ते रात्री. १९३४ साली ज्या कोळी बांधवांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारपेठेसाठी केलेला नवस फेडण्याकरिता या गणपतीची स्थापना केली, त्यांना या घटनेचे फारसे आश्चर्य वाटले नसते. ज्याचे पोट समुद्रावर चालते, त्याचा दिवस पंचांगातील तिथीप्रमाणे आणि भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणेच उजाडतो.

भरतीची ही एक रेषा समुद्र स्वतः आखतो. दुसरी रेषा सरकारी नकाशावर असते. मुंबईच्या किनाऱ्यावर कोणी घर बांधावे, कोणी किती मजले चढवावेत, कोणाची चाळ दुरुस्त व्हावी आणि कोणाची तशीच कोसळू द्यावी, हे गेली तीन दशके या दुसऱ्या रेषेवरून ठरत आले आहे. पहिली रेषा कोणाच्या सोयीसाठी सरकत नाही. दुसरी मात्र अनेकदा सरकली आहे. ती कोणासाठी सरकली आणि कोणासाठी अडून राहिली, याचा हिशेब गिरगाव-दादरच्या मराठी मध्यमवर्गाने आणि वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांनी एकत्र बसून मांडण्याची वेळ आली आहे.

नियमाचा जन्म

या नियमाच्या मुळाशी हेतू चांगला होता, हे आधी मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आला आणि त्याच कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच 'सीआरझेड'ची पहिली अधिसूचना निघाली. खारफुटी, प्रवाळ अशा नाजूक जागा पहिल्या वर्गात गेल्या. आधीच वसलेली शहरे दुसऱ्या वर्गात, तर ग्रामीण व अविकसित किनारा तिसऱ्या वर्गात आला.

मुंबई शहराचा मोठा किनारी भाग दुसऱ्या वर्गात मोडतो. तेथे नवे बांधकाम करायचे, तर ते अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडील बाजूलाच करता येते, समुद्राकडील बाजूला नाही. हा दंडक शहाणपणाचा होता. त्याच्यामुळेच आज दादर चौपाटीवर, गिरगावच्या वाळूवर आणि मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर सामान्य माणसाला पैसे न मोजता समुद्र पाहता येतो.

परंतु त्याच नियमाचे दुसरे कलम होते. बांधकामाचा आकार १९ फेब्रुवारी १९९१ या दिवशी अस्तित्वात असलेल्या नगररचना नियमांप्रमाणेच असावा, असे त्यात म्हटले होते. मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली ती २५ मार्च १९९१ रोजी, म्हणजे अवघ्या ३४ दिवसांनी. परिणामी, किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना १९६७ च्या जुन्या नियमांनी बांधून टाकले. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. शहरात रस्त्याच्या एका बाजूला जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक मिळत होता आणि दुसऱ्या बाजूच्या चाळीला, ती समुद्रापासून ५०० मीटरच्या आत आहे एवढ्याच कारणाने, सर्वसाधारणपणे १.३३ च्या जुन्या मर्यादेत अडकून पडावे लागत होते.

गोठलेली घरे, पांगलेली माणसे

या आकड्याचा अर्थ चाळीतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. किनाऱ्यालगतच्या असंख्य जुन्या इमारतींनी मंजूर निर्देशांकाहून अधिक क्षेत्र आधीच वापरलेले होते. ती इमारत पाडली, तर नव्या इमारतीत आहेत त्याच भाडेकरूंना जागा पुरणार नाही. मग विकासकाला विकायला काय उरणार? त्यामुळे विकासक फिरकत नसे. पागडीच्या घरात घरमालकाला दुरुस्तीत रस नसे. उपकरप्राप्त इमारतींचे दुरुस्ती मंडळ टेकू लावून जाई. जिन्याला टेकू, गॅलरीला टेकू, छताला ताडपत्री, अशा अवस्थेत एकेक पावसाळा ढकलायचा आणि चौमाही सरली की देवाला नारळ फोडायचा, हा अनेक कुटुंबांचा नित्यक्रम झाला.

या घरांतील मुले मोठी झाली, लग्ने ठरली, आणि दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा संसार मांडणे अशक्य झाले. मग कोणी डोंबिवलीला गेले, कोणी बोरिवलीला, कोणी बदलापूरला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव ज्या गिरगावाने बसवला, त्या गिरगावात उत्सवाच्या दहा दिवसांत माणसे लोकलने परत येतात आणि विसर्जनानंतर पुन्हा निघून जातात. एखादा वाडा केवळ लाकूड-विटांनी उभा नसतो. त्याच्या आवारातील व्यायामशाळा, वाचनालय, मंडळ, संध्याकाळची शाखा, दिवाळीतला किल्ला हे सारे माणसांच्या रोजच्या सहवासावर उभे असते. माणसे पांगली की संस्थांचे फलक तेवढे उरतात. या पांगण्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष एका अधिसूचनेवर टाकणे अन्यायाचे ठरेल. मात्र समुद्रालगतच्या वस्त्यांत घरबांधणीची वाट बंद करून ठेवण्याचे काम या अधिसूचनेने केले, हे नाकारता येणार नाही.

कोळीवाड्यांची कथा याहून करुण आहे. वरळीचा कोळीवाडा हा किल्ला आणि गोलफादेवीचे मंदिर यांच्या आधाराने वसलेला जुना गाव. मुंबई सात बेटांची होती तेव्हापासून कोळी समाज येथे आहे. शहराने त्याला वळसा घातला, मग गराडा घातला आणि शेवटी त्याच्या दाट वस्तीकडे पाहून त्याला झोपडपट्टीच्या पंक्तीत बसवण्याची भाषा सुरू झाली. कोळ्याचे घर म्हणजे चार भिंती एवढेच नव्हे. होडी ओढून ठेवण्याची वाळू, जाळी विणण्याचे अंगण आणि बोंबील वाळत घालण्याची मोकळी जागा हेही त्याच्या घराचेच भाग आहेत. नकाशा काढणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते, आणि सरकारी कागदावर रिकामी दिसणारी जागा फार काळ रिकामी राहत नाही.

६ जानेवारी २०११ च्या सुधारित अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेतली. १९८१ च्या विकास आराखड्यानुसार वा राज्य शासनाच्या नोंदींनुसार कोळीवाडे निश्चित करावेत, त्यांचे नकाशे काढावेत आणि तेथील घरांना स्थानिक नियमांप्रमाणे बांधकाम करू द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे सारे घोडे आले ते सीमांकनावर. आणि सीमांकनाचा विषय वर्षानुवर्षे एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरत राहिला. मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली चढवणारा कोळी त्यामुळे कायद्याच्या नजरेत अतिक्रमण करणारा ठरत राहिला.

रेषा कोणासाठी सरकली?

चाळकऱ्याला आणि कोळ्याला नियमाचा धाक दाखवला जात असतानाच कुलाब्यात 'आदर्श' सोसायटीची ३१ मजली इमारत उभी राहिली. कारगिलच्या जवानांच्या कुटुंबीयांचे नाव जिच्याशी जोडले गेले, त्या इमारतीत राजकारणी आणि बड्या अधिकाऱ्यांच्या नातलगांची नावे निघाली. किनारा नियमांची परवानगी नसल्याचे सांगत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०११ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती देऊन इमारतीचा ताबा सैन्याकडे सोपवला. चाळीच्या पोटमाळ्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला ३१ मजले चढेपर्यंत दिसले नाहीत, यावर कोणी विश्वास ठेवावा?

केरळमध्ये मात्र वेगळे दृश्य दिसले. मरडू येथील किनारा नियम मोडणारी चार गृहसंकुले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली. तेथेही मूळ गुन्हेगारांपेक्षा आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्यांनाच अधिक झळ बसली. नियम वेळेवर पाळला गेला नाही, तर शेवटी किंमत सामान्य माणूसच मोजतो, हा मरडूचा धडा आहे.

नियम सैल करण्याचा इतिहासही बोलका आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये केंद्राने नद्या व खाड्यांच्या काठचा नियंत्रित पट्टा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल १९९६ रोजी ही कपात रद्द केली. किनारी राज्यांनी व्यवस्थापन आराखडेच तयार केले नाहीत, याबद्दल न्यायालयाने त्या वेळी कान उपटले. पुढे १८ जानेवारी २०१९ रोजी नवी अधिसूचना निघाली आणि खाडीकाठचा पट्टा पुन्हा ५० मीटरवर आला. जी गोष्ट एकदा न्यायालयात टिकली नाही, ती २३ वर्षांनी निमूटपणे परतली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली हिरावलेली जागा परत घेतली. तो दिवस पाहिलेल्या शहरात या ५० मीटरवर खरे तर मोठी चर्चा व्हायला हवी होती.

२०११ मध्ये 'धोकारेषा' ही संकल्पनाही नियमात आली होती. समुद्राची वाढती पातळी, लाटांचा मारा आणि किनाऱ्याची धूप लक्षात घेऊन कुठवर धोका आहे, हे दाखवणारी ही रेषा. २०१९ मध्ये तिचा उपयोग आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरता उरला; बांधकामाच्या परवानगीशी तिचा संबंध तुटला. घर बांधताना धोका विचारात घ्यायचा नाही आणि घर बुडाल्यावर मदतकार्य कसे करायचे, ते मात्र आधी ठरवून ठेवायचे, असा हा न्याय झाला.

जुन्या शहराची जुनी सवय

समुद्र बुजवून जमीन मिळवणे हे मुंबईचे जुने व्यसन आहे. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत बॅक बे बुजवण्यासाठी कंपनी निघाली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनीसह शेकडो सटोडिये बुडाले. १९२० च्या दशकात सरकारनेच ते काम पुन्हा हाती घेतले. त्यातील गैरव्यवहार वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्यासाठी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि ते निर्दोष सुटले. समुद्र बुजवण्यातील भ्रष्टाचाराविरुद्ध लढलेल्या या माणसाचे नाव पुढे समुद्र बुजवूनच तयार केलेल्या नरिमन पॉइंटला मिळाले. काळाची थट्टा याहून कडवट असू शकत नाही.

एका शब्दाने जमीन कशी नाहीशी होते, हे पाहायला समुद्रावर जाण्याचीही गरज नाही. परळ-लालबागच्या गिरणगावाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि एक सामान्यांच्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. कामगारांच्या भोंग्याच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आले. मैदाने आणि घरे यांच्या वाट्याला तुकडे आले. किनाऱ्याच्या नियमांत 'खाडी', 'उपसागर', 'भरतीरेषा' यांच्या व्याख्या बदलतात, तेव्हा गिरणगावाने अधिक सावध व्हायला हवे, ते याचसाठी.

वरळीच्या मच्छीमारांचे १२० मीटर

सागरी किनारा मार्गाचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंतचा हा १०.५८ किलोमीटरचा रस्ता. त्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये किनारा नियमांत दुरुस्ती झाली, मे २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि सुमारे १११ हेक्टर समुद्र बुजवला गेला. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. शहराला या रस्त्याची गरज होती, असे मानणारे अनेक आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. परळहून दक्षिणेकडे कामाला जाणाऱ्याचा वेळ वाचला, तर तोही लोकहितच आहे.

परंतु वरळीच्या मच्छीमारांचा प्रश्न साधा होता. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना पुलाच्या दोन खांबांमधून जावे लागणार होते आणि आराखड्यात हे अंतर ६० मीटर होते. पावसाळी वारा, खडक आणि उलटे प्रवाह यांत ६० मीटरच्या फटीतून होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, असे कोळी सांगत होते. अभियंत्यांची गणिते मात्र ६० मीटर पुरेसे असल्याचे दाखवत होती. मच्छीमारांनी समुद्रात काम अडवले, दीर्घकाळ चिकाटीने आंदोलन केले आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने मधला एक खांब वगळून हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले.

या घटनेत दोन गोष्टी आहेत. पहिली, किनाऱ्याविषयीचे ज्ञान केवळ आराखडे काढणाऱ्या सल्लागारांकडे नसते. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात वावरलेल्या माणसाकडेही ते असते. दुसरी, हे ज्ञान ऐकून घेतल्याने प्रकल्प बुडाला नाही. एक खांब कमी झाला, रस्ता तरीही झाला. हेच पहिल्याच दिवशी विचारले असते, तर सर्वांचाच कालापव्यय टळला असता.

पूर्वी राज्यकर्त्यांना हे भान होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात म्हणून त्यांना हात लावू नये, फार जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून आणि मोबदला देऊनच घ्यावे, अशी आज्ञा आहे. स्वराज्याच्या आरमाराचे काम ही काही लहान निकड नव्हती. तरीही राज्याची निकड प्रजेची संमती गिळून टाकत नव्हती.

सवलत मिळाली, ती पोहोचेल कोणापर्यंत?

२०१९ च्या अधिसूचनेने दुसऱ्या वर्गातील गोठलेला निर्देशांक मोकळा केला. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईचे किनारा व्यवस्थापन आराखडे मंजूर झाले आणि दादर, वरळी, माहीम, गिरगावच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकासाचा मार्ग खुला झाला. ही सवलत न्याय्य होती आणि तिला फार उशीर झाला होता. तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण स्वागत करताना डोळे उघडे असावेत. पूर्वी किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव होता, बांधकाम करता येत नव्हते. आता दोन्ही आहे. समुद्र दिसणाऱ्या एका मजल्याची किंमत ऐकली की चाळकऱ्याला दिलेला मोबदला कितीही मोठा वाटला, तरी तो किरकोळ ठरतो. मोबदला घेऊन निघून जा, असा आग्रह वाढतो. कोणी संक्रमण शिबिरात गेला, तर परत कधी येणार याची शाश्वती नसते. कोणी नव्या इमारतीत आला, तरी देखभाल खर्चाच्या ओझ्याने काही वर्षांत घर विकतो. जे काम गोठलेल्या नियमाने तीस वर्षांत केले, ते मोकळा झालेला नियम दहा वर्षांत पूर्ण करील, ही भीती अनाठायी नाही.

याला पर्याय आहे, आणि तोही वरळीतच पाहायला मिळतो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली ही कुटुंबे त्याच वरळीत ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. काम म्हाडाने हाती घेतले होते. विलंब झाला, वाद झाले, तरीही मूळ रहिवासी मूळ जागी राहू शकतो, हे सिद्ध झाले.

यापुढे किनाऱ्यावरील प्रत्येक परवानगीला दोनच प्रश्न विचारावेत. या कामानंतर येथे राहणारा माणूस येथेच राहील काय? आणि या कामानंतर किनारा सर्वांसाठी मोकळा राहील काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच परवानगी मिळावी. त्यासाठी कोळीवाड्यांच्या सीमा, होड्यांच्या आणि मासळी सुकवण्याच्या जागांसह, अंतिम करून जाहीर व्हाव्यात. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे मराठीत, वॉर्डच्या कार्यालयात, सामान्य माणसाला वाचता येतील अशा मापाने लावले जावेत. धोकारेषेला पुन्हा बांधकामाच्या नियमात स्थान मिळावे. आणि सागरी किनारा मार्गाच्या भरावावर निवासी वा व्यावसायिक बांधकाम होणार नाही, ही परवानगीतील अट कोणत्याही सरकारच्या काळात मोडली जाऊ नये, यासाठी नागरिकांनी पहारा ठेवावा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७२ साली मतदारांनी थेट कौल देऊन किनाऱ्याच्या रक्षणासाठी आयोग आणला आणि १९७६ च्या कायद्याने समुद्रापर्यंत पोहोचण्याचा लोकांचा हक्क पक्का केला. तेथे कायदा लोकांनी मागून घेतला. येथे तो वरून आला, म्हणून कोणाला आपला वाटला नाही.

हे काम न्यायालयांवर सोडून भागणार नाही. गृहनिर्माण संस्थेची सभा, मंडळाची बैठक, मच्छीमार सोसायटीचे कार्यालय या जागी ते सुरू व्हायला हवे. आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा दादरच्या वकिलाने वरळीच्या कोळ्याची हरकत लिहून द्यावी आणि वरळीच्या कोळ्याने दादरच्या रहिवाशांना वाळू कुठून कुठे सरकली, ते दाखवावे. एकमेकांना ओळखणारा समाज असेल, तर नकाशावरची रेषा गुपचूप सरकवणे कठीण जाते.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांना याच गिरगावच्या वाळूत निरोप देण्यात आला. ६ डिसेंबरला लाखो अनुयायी दादरच्या चैत्यभूमीवर येतात, ते याच किनाऱ्यावर. नारळी पौर्णिमेचा नारळ आणि अनंत चतुर्दशीची मूर्ती याच पाण्यात जाते. एवढ्या मोठ्या समाजाचे इतके काही ज्या वाळूवर घडते, ती वाळू कोणाच्या दिवाणखान्याच्या खिडकीतील देखावा होऊ नये. पुढच्या अनंत चतुर्दशीला राजा पुन्हा गिरगावात येईल. भरतीची वेळ तेव्हाही समुद्रच ठरवील. त्याच्या स्वागताला किनाऱ्यावर गिरगावचा आणि वरळीचा माणूस असेल की नाही, हे मात्र येत्या काही वर्षांत मंजूर होणाऱ्या नकाशांवर ठरणार आहे.